मानवतेसाठी लष्करी हस्तक्षेप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातल्या आमच्या मराठी अभ्यासवर्गात हा विषय एकदा निघाला आणि मग तो संपेचना. वर्गाला कायदा शिकणारी मुलं येतात, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे येतात, आणि १९७१ च्या युद्धाच्या बातम्या रेडिओवर ऐकलेले ज्येष्ठही येतात. तिघांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कायदा काय आहे ते कायदा म्हणून सांगितलं आहे आणि माझं मत ते मत म्हणून.

मानवतावादी लष्करी हस्तक्षेप नेमकं कशाला म्हणायचं?

एखाद्या देशाचं सरकार स्वतःच्याच लोकांची कत्तल करत असेल, किंवा चाललेली कत्तल थांबवणं त्याच्या आवाक्यात राहिलं नसेल, अशा वेळी त्या सरकारला न विचारता दुसऱ्या देशाने तिथल्या लोकांना वाचवण्यासाठी सैन्य घालणं. तिथल्या सरकारची संमती नसणं हा यातला कळीचा भाग.

म्हणून नोव्हेंबर १९८८ ची मालदीवची कारवाई यात बसत नाही. अध्यक्ष गयूम यांनी स्वतः मदत मागितली होती आणि भारताचे जवान त्याच रात्री तिथे उतरले. १९७६ मध्ये इस्रायलने युगांडातल्या एंटेबे विमानतळावरून ओलीस सोडवले तो प्रसंगही निराळा, कारण तिथे मुख्यतः आपल्याच नागरिकांची सुटका करायची होती. औषधं, धान्य, डॉक्टरांची पथकं पाठवणं ही मदत झाली, हस्तक्षेप नव्हे.

आजच्या आंतरराष्ट्रीय कायद्यात याला परवानगी आहे का?

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने मंजुरी दिली तर आहे. नाहीतर नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर जून १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला सह्या झाल्या. तिच्या कलम २(४) नुसार कुठल्याही देशाने दुसऱ्या देशाच्या भौगोलिक एकात्मतेविरुद्ध किंवा राजकीय स्वातंत्र्याविरुद्ध बळ वापरायचं नाही, तशी धमकीही द्यायची नाही. या बंदीला अपवाद दोनच. पहिला कलम ५१ मधला: सशस्त्र हल्ला झाला तर स्वसंरक्षण. दुसरा सातव्या प्रकरणातला: शांततेला धोका आहे असं ठरवून सुरक्षा परिषद लष्करी कारवाईला मंजुरी देऊ शकते. त्यासाठी १५ पैकी ९ मतं लागतात आणि अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स यांपैकी एकानेही विरोधी मत देऊन चालत नाही. व्हेटो म्हणतात तो हाच.

'लोकांना वाचवण्यासाठी' असा तिसरा अपवाद सनदेत लिहिलेला नाही.

पण कलम २(४) प्रदेश बळकावण्यावर बंदी घालतं. लोकांना वाचवून परत येणाऱ्यावर कुठे घालतं?

हा युक्तिवाद जुना आहे आणि हुशारही आहे, पण टिकत नाही. 'भौगोलिक एकात्मता' हे शब्द सनदेत आले ते लहान देशांच्या आग्रहाने, त्यांना अधिक खात्री मिळावी म्हणून. बंदीला भोक पाडायला ते घातलेले नव्हते.

आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे १९४९ मध्ये जवळपास हाच मुद्दा आला. अल्बानियाच्या हद्दीतल्या समुद्रात ब्रिटिश नौदलाने परस्पर जाऊन सुरुंग काढले होते, आणि आम्ही कुणाचा प्रदेशही घेतला नाही की स्वातंत्र्यही, असं ब्रिटनचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. हस्तक्षेपाचा असा हक्क मान्य केला तर तो आपोआपच सर्वांत बलाढ्य देशांच्या हाती जाईल, असं कारण न्यायालयाने दिलं. माझ्या मते या सबंध विषयावर याहून नेमकं काही बोललं गेलेलं नाही. पुढे १९८६ मध्ये निकाराग्वा विरुद्ध अमेरिका या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितलं की मानवी हक्कांचं पालन करवून घेण्याचा योग्य मार्ग बळाचा वापर हा असू शकत नाही.

१९४८ च्या वंशसंहारविरोधी करारात प्रत्येक देशावर प्रतिबंधाची जबाबदारी टाकली आहे ना? मग प्रतिबंध करायचा कसा?

जबाबदारी आहे आणि ती पोकळ नाही. बोस्नियातल्या स्रेब्रेनिकामध्ये जुलै १९९५ ला सुमारे ८,००० बोस्नियन मुस्लिम पुरुषांना आणि मुलग्यांना मारलं गेलं. त्या प्रकरणी २००७ च्या निकालात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सर्बियाला प्रतिबंध न केल्याबद्दल दोषी ठरवलं. जो देश मारेकऱ्यांवर जितका प्रभाव टाकू शकतो, तितकी त्याची जबाबदारी मोठी, असं सूत्र न्यायालयाने मांडलं. पण त्याच निकालात हेही आहे की प्रतिबंध करणाऱ्याने आंतरराष्ट्रीय कायद्याच्या मर्यादेतच राहून पावलं उचलायची. म्हणजे करार कामाला लावतो, सैन्य घालायचा परवाना देत नाही.

१९७१ मध्ये आपण जे केलं ते कायदेशीर होतं का?

बडोद्यात हा प्रश्न विचारला की आवाज चढतात. ज्येष्ठांना त्या विजयाचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. पण अभिमान बाजूला ठेवून कागद पाहिले पाहिजेत.

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कारवाई सुरू केली. विद्यापीठाची वसतिगृहं, हिंदू वस्त्या, बंगाली पोलीस यांच्यापासून सुरुवात झाली. ढाक्यातले अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी तारांमागून तारा पाठवून आपल्याच सरकारला हे कळवलं. वॉशिंग्टनने कानाडोळा केला, कारण पाकिस्तानमार्फत चीनशी बोलणी चालली होती. मृतांच्या आकड्यांवर आजही वाद आहे, पण जवळपास एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली यावर नाही.

३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या हवाई तळांवर हल्ला केला आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. सुरक्षा परिषदेत भारताचे प्रतिनिधी समर सेन यांनी पूर्व बंगालच्या लोकांना त्यांच्या यातनांतून सोडवण्याचा शुद्ध हेतू बोलून दाखवला. तरी भारताचा कायदेशीर पाया मुख्यतः स्वसंरक्षणाचाच राहिला. तो ३ डिसेंबरनंतर भक्कम होता. त्याआधी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात गरीबपूरला आपलं सैन्य सीमेपलीकडे लढलं होतं. त्या भागाचं समर्थन स्वसंरक्षणाखाली करणं अवघड जातं. तिथे आपल्याला एक कोटी निर्वासितांकडेच बोट दाखवावं लागतं.

सोव्हिएत रशियाच्या व्हेटोमुळे परिषद अडली आणि प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत, म्हणजे सर्व सभासद देशांच्या सभेत, गेला. ७ डिसेंबरला युद्धबंदी आणि सैन्यमाघारीच्या ठरावाला १०४ मतं पडली, विरोधात ११, तटस्थ १०. आपल्यासारखेच नुकतेच स्वतंत्र झालेले कितीतरी देश आपल्या बाजूने उभे राहिले नाहीत. त्यांना पाकिस्तानचे लष्करशहा याह्याखान प्रिय होते असं नव्हे. आज पाकिस्तानात घुसले, उद्या आमच्याकडे घुसतील, ही त्यांची भीती होती, आणि ती रास्त होती.

माझं मत विचाराल तर १९७१ चा हस्तक्षेप नैतिकदृष्ट्या या लेखात येणाऱ्या हस्तक्षेपांमधला सर्वांत स्वच्छ. कत्तल खरी होती, इतर उपाय महिनोन्महिने करून पाहिले होते, इंदिरा गांधी राजधान्यांमागून राजधान्या फिरल्या होत्या. आणि काम झाल्यावर मार्च १९७२ च्या मध्यापर्यंत भारतीय सैन्य बांगलादेशातून बाहेर पडलं. ही शेवटची गोष्ट आपण फार कमी सांगतो. जिंकलेल्या भूमीतून तीन महिन्यांत परत येणाऱ्या सेना इतिहासात थोड्याच आहेत.

या सगळ्याचा बडोद्याशी काय संबंध?

आहे, आणि तो आपण टाळतो.

१८७० मध्ये खंडेराव महाराजांच्या मागे मल्हारराव गायकवाड गादीवर आले. त्यांच्या कारभाराविरुद्ध जुलूम, पैसे उकळणं, छळ अशा तक्रारी होत्या आणि त्या सगळ्याच खोट्या नव्हत्या. १८७३ मध्ये ब्रिटिशांनी चौकशी आयोग नेमला. १८७४ मध्ये दिवाण म्हणून दादाभाई नौरोजी आले, पण रेसिडेंट, म्हणजे दरबारातले ब्रिटिश प्रतिनिधी, कर्नल फेअर यांनी त्यांना काम करू दिलं नाही. नोव्हेंबर १८७४ मध्ये फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप झाला, आणि जानेवारीत महाराजांना अटक करून ब्रिटिशांनी कारभार ताब्यात घेतला.

मग सहा जणांचा आयोग बसला. तीन इंग्रज, तीन हिंदी. हिंदी सभासदांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा आणि सर दिनकरराव. इंग्रज सभासदांनी महाराजांना दोषी मानलं, हिंदी सभासदांना आरोप सिद्ध झालेला दिसला नाही. तीनास तीन. तरीही एप्रिल १८७५ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांच्या सरकारने मल्हाररावांना पदच्युत केलं. कारण विषप्रयोगाचं दिलं नाही. गैरवर्तन, गैरकारभार आणि सुधारणा करण्याची असमर्थता ही कारणं दिली. थोडक्यात, प्रजेच्या भल्यासाठी राजा हटवला.

आणि मग काय झालं? खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाण्याच्या एका शेतकरी घरातला मुलगा दत्तक घेतला. १८७५ मध्येच तो सयाजीराव म्हणून गादीवर बसला. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आधी अमरेली भागात आणि १९०६ पासून सगळ्या संस्थानात, गावोगाव ग्रंथालयं, आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती. आपण ज्या शहरात राहतो ते त्यांनी घडवलं. बडोद्याचा मराठी माणूस सयाजीरावांचं नाव घेताना मान झुकवतो. पण त्यांना गादी मिळाली ती एका परकीय सत्तेच्या हस्तक्षेपामुळे, हेही आपल्याला माहीत असतं.

मग परिणाम इतका चांगला झाला, तर हस्तक्षेप योग्यच ठरला ना?

नाही. माझं सगळं म्हणणं या एका उत्तरात आहे.

१८७५ मध्ये आरोप करणारा, चौकशी नेमणारा, निकाल देणारा आणि त्या निकालाने ज्याची पकड घट्ट होणार तो, हे सगळे एकच होते. नॉर्थब्रुक यांना जाब विचारू शकेल असं हिंदुस्थानात कुणी नव्हतं. कवळाण्याचा मुलगा मोठा होऊन काय करेल हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. तो वाईट निघाला असता तरी निर्णय घेणाऱ्यांचं काही बिघडलं नसतं. परिणाम चांगला निघाला म्हणून अधिकार चांगला ठरत नाही.

हीच चाल १८५६ मध्ये अवधवर खेळली गेली होती. गैरकारभाराचं कारण सांगून डलहौसीने राज्य खालसा केलं आणि पुढच्याच वर्षी अवध पेटलं. स्वातंत्र्याचा मोठा पुरस्कर्ता म्हणून आपण ज्याला वाचतो त्या जॉन स्टुअर्ट मिलने, जो स्वतः ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी होता, १८५९ च्या निबंधात इतर देशांच्या कारभारात ढवळाढवळ करू नये असं एकीकडे मांडलं आणि दुसरीकडे अवधच्या खालसाचं समर्थनही केलं. त्याच्या युक्तिवादात एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. तैनाती फौजेने नबाबाला गादीवर टिकवलं ते इंग्रजांनीच, म्हणून त्याच्या जुलमाची जबाबदारीही त्यांची, असं तो म्हणतो. आजच्या जगात हे उलटून वाचावं. ज्या राजवटीवर पुढे बॉम्ब टाकायची वेळ येते, तिला शस्त्रं कुणी विकली होती, कर्ज कुणी दिलं होतं, हा प्रश्न आधी विचारावा.

आणि हेही विसरू नये की मल्हाररावांच्या प्रजेचे हाल खरे होते. हस्तक्षेप करणाऱ्याला अधिकार नव्हता एवढ्याने पीडिताचं दुःख खोटं ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, म्हणूनच हा विषय अवघड आहे.

कोसोव्होबद्दल 'बेकायदेशीर पण न्याय्य' असं म्हणतात. हे कसं शक्य आहे?

२४ मार्च १९९९ पासून ७८ दिवस नाटो या अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांच्या लष्करी संघटनेने युगोस्लाव्हियावर हवाई हल्ले केले. त्याच्या कोसोव्हो प्रांतातल्या अल्बानियन लोकांवर सर्ब फौजा अत्याचार करत होत्या, हे कारण. रशिया आणि चीन अडवतील म्हणून सुरक्षा परिषदेची मंजुरी मागितलीच नाही. दोनच दिवसांनी हल्ल्यांचा निषेध करणारा ठराव परिषदेत आला. तो मांडणाऱ्यांत रशिया आणि बेलारूससोबत भारतही होता. तो ३ विरुद्ध १२ मतांनी पडला.

पुढे रिचर्ड गोल्डस्टोन यांच्या अध्यक्षतेखालच्या स्वतंत्र आयोगाने 'बेकायदेशीर पण न्याय्य' हा निष्कर्ष २००० मध्ये दिला. त्यामागचा प्रामाणिकपणा मला मान्य आहे. निदान त्यांनी कायदा वाकवून तो आपल्या बाजूचा आहे असं दाखवलं नाही. पण हल्ले सुरू झाल्यावर सर्ब फौजांनी लोकांना हाकलणं कमी न होता वाढलं, काही लाख माणसं देशोधडीला लागली, आणि बॉम्बफेकीतच सुमारे ५०० नागरिक मेले. वैमानिकांच्या सुरक्षेसाठी विमानं बहुतेक वेळ १५,००० फुटांच्या वर राहिली. आपल्या सैनिकाचा जीव जराही धोक्यात न घालता दुसऱ्याच्या नागरिकांना वाचवायचं, असं ठरवलं की चुकीची किंमत कोण मोजतो ते उघड आहे. जीनिव्हा करारांतून हेतू चांगला असणाऱ्यालाही सूट नाही.

आपल्या देशी कायद्यातही मोठं नुकसान टाळण्यासाठी छोटं नुकसान माफ असतं. ते इथे का चालत नाही?

आमच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांचा हा आवडता प्रश्न. भारतीय दंड संहितेच्या कलम ८१ मध्ये उदाहरण होतं: मोठी आग पसरू नये म्हणून एक माणूस घरं पाडतो. हेतू प्रामाणिक असेल आणि धोका तसाच तातडीचा असेल तर तो गुन्हेगार नाही. आता ही तरतूद भारतीय न्याय संहितेत आहे.

पण देशात त्या माणसाने खरंच प्रामाणिकपणे घरं पाडली का, हे नंतर न्यायाधीश तपासतो. देशादेशांमध्ये असा सक्तीने बोलावणारा न्यायाधीश नाही. शिवाय राष्ट्रांच्या जबाबदारीचे जे नियम २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने तयार केले, त्यांत गरजेचा बचाव आहे, पण ज्या नियमांपासून कुणालाच सूट नाही अशा नियमांच्या भंगाला तो लागू होत नाही. आक्रमणबंदी ही त्यांपैकीच एक मानली जाते.

प्रत्यक्षात जग काय करतं? टांझानियाच्या फौजा एप्रिल १९७९ मध्ये युगांडाच्या राजधानीत, कंपालात शिरल्या आणि हुकूमशहा इदी अमीन पळाला, तेव्हा कुणी फारसा गळा काढला नाही. १९७२ मध्ये त्याने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावलं होतं, आणि गुजरातमधल्या चरोतर भागातल्या कितीतरी घरांना त्या हुकुमाची झळ पोचली होती. इथे अमीनच्या पतनाचा आनंदच झाला. पण त्याच वर्षी जानेवारीत व्हिएतनामने कंबोडियात जाऊन ख्मेर रूज राजवट पाडली, जिच्या चार वर्षांत पंधरा ते वीस लाख माणसं मेली होती, तेव्हा संयुक्त राष्ट्रांतली जागा पुढेही वर्षानुवर्षं पाडलेल्या राजवटीकडेच राहिली. व्हिएतनाम सोव्हिएत गोटातला होता, एवढंच त्याचं चुकलं. भारताने १९८० मध्ये नव्या सरकारला मान्यता दिली, याचं मला समाधान आहे.

रवांडात कायदा पाळत बसल्यामुळे आठ लाख माणसं मेली. मग कायद्याचा काय उपयोग?

रवांडाचा दोष कायद्याच्या माथी मारणं चूक आहे. तिथे संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आधीपासून होती. तिचे कमांडर जनरल डलेअर यांनी जानेवारी १९९४ मध्येच शस्त्रसाठ्यांची खबर न्यूयॉर्कला कळवली होती. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने ती सेना वाढवायच्या ऐवजी २७० माणसांवर आणायचं ठरवलं. दहा बेल्जियन सैनिक मारले गेले होते, आणि सहाच महिन्यांपूर्वी सोमालियातल्या मोगादिशूत १८ अमेरिकी सैनिक गेले होते. कुणाला जायचंच नव्हतं. कुणी व्हेटो वापरला म्हणून नव्हे, कुणाला पर्वा नव्हती म्हणून रवांडा घडलं. 'कायदा सैल केला तर पुढचं रवांडा टळेल' असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

'संरक्षणाची जबाबदारी' हे तत्त्व काय आहे? परीक्षेत हमखास येतं.

कॅनडाच्या पुढाकाराने नेमलेल्या आयोगाने २००१ मध्ये ते मांडलं. गॅरेथ इव्हान्स आणि मोहम्मद साहनून सहअध्यक्ष होते, सभासदांत भारतात जन्मलेले रमेश ठाकूर होते. 'हस्तक्षेपाचा हक्क' ऐवजी 'लोकांच्या संरक्षणाची जबाबदारी' अशी त्यांनी मांडणी बदलली. सार्वभौमत्व म्हणजे फक्त कुंपण नव्हे, आपल्या लोकांची जबाबदारीही. सरकारने ती टाकली तर जगाने उचलायची.

२००५ च्या जागतिक शिखर परिषदेने परिच्छेद १३८ आणि १३९ मध्ये हे स्वीकारलं, पण चारच गुन्ह्यांपुरतं: वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक शुद्धीकरण आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे. आणि बळाचा वापर सुरक्षा परिषदेमार्फतच. म्हणजे कायदा जिथे होता तिथेच राहिला. उत्तरात हे वाक्य लिहा, बहुतेक जण ते विसरतात. आफ्रिकी संघाच्या घटनेतलं कलम ४(ज) मात्र पुढे गेलं: सभासद देशात गंभीर अत्याचार झाले तर संघाला हस्तक्षेपाचा हक्क त्या देशांनीच आधी लिहून दिलेला आहे. मला हा मार्ग जास्त विश्वासाचा वाटतो, कारण संमती आधी दिलेली आहे आणि ती शेजाऱ्यांना दिलेली आहे.

लिबियात भारत तटस्थ का राहिला?

१७ मार्च २०११ च्या ठराव १९७३ ने नागरिकांच्या संरक्षणासाठी 'सर्व आवश्यक उपाय' मंजूर केले. १० मतं बाजूने, ५ तटस्थ: भारत, ब्राझील, जर्मनी, चीन, रशिया. प्रत्यक्ष परिस्थितीची विश्वासार्ह माहिती पुरेशी नाही आणि कारवाई कोण, कशी करणार हे स्पष्ट नाही, असा भारताचा आक्षेप होता. तेव्हा अनेकांना ती कुंपणावर बसण्याची सवय वाटली. पण लिबियातलं बेनगाझी शहर वाचवण्यासाठी मिळालेली मंजुरी तिथले हुकूमशहा गद्दाफी यांना हटवण्यापर्यंत ताणली गेली, ऑक्टोबरमध्ये ते मारले गेले, आणि मागे उरला एकमेकांशी लढणाऱ्या टोळ्यांचा देश. ब्रिटनच्याच संसदीय समितीने २०१६ मध्ये या मोहिमेवर कडक ताशेरे ओढले.

याची किंमत सीरियाच्या लोकांनी मोजली. रशिया आणि चीनने ऑक्टोबर २०११ पासून सीरियावरचे ठराव अडवायला सुरुवात केली आणि लिबियाचं उदाहरण पुढे केलं. रशियाचा हेतू काही स्वच्छ नव्हता, पण तो बहाणा त्याला पाश्चात्त्यांनीच हातात दिला. ब्राझीलने त्याच वर्षी सुचवलं होतं की संरक्षण करतानाही जबाबदारी पाळावी: मंजुरी मिळवणाऱ्याने वेळोवेळी परिषदेला हिशेब द्यावा. त्याचं पुढे फार काही झालं नाही. व्हावं असं मला मनापासून वाटतं.

हेतू मिसळलेले असले तर? शुद्ध हेतूने कुठला देश सैन्य पाठवतो?

कुठलाच नाही. महाभारतात जरासंधाने कितीतरी राजे बळी देण्यासाठी कोंडून ठेवले होते. कृष्ण, भीम आणि अर्जुन मगधात गेले, जरासंध मारला गेला, राजे सुटले. पण जरासंध जिवंत असेपर्यंत युधिष्ठिराचा राजसूय होणार नाही, हे कृष्णानेच आधी सांगितलेलं होतं. सुटका खरी, स्वार्थही खरा. १९७१ मध्येही पाकिस्तान दुभंगण्यात भारताचं हित होतंच.

म्हणून मी हेतूची शुद्धता शोधत नाही. स्वार्थाने कारवाईची दिशा बदलली का, ते पाहतो. वाचवायचे होते ते लोक वाचले की नाही, काम झाल्यावर सैन्य परतलं की तळ ठोकून बसलं, तेल आणि बंदरं कुणाच्या हाती गेली. आणि आधी एक साधी गोष्ट: ज्यांच्यासाठी हे चाललंय ते लोक ती मदत मागत होते का? पूर्व बंगालने मागितली होती. २००३ मध्ये इराकी लोकांना कुणी विचारलं नव्हतं, आणि तिथे मानवतेचं कारण ठळकपणे पुढे आलं ते संहारक शस्त्रं सापडत नाहीत असं दिसल्यावर.

धादांत खोटा दावाही असतो. हिटलरने १९३८ मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या सुडेटन जर्मनांच्या छळाचं कारण सांगितलं. रशियाने २०२२ मध्ये पूर्व युक्रेनमधल्या डोनबासमध्ये वंशसंहार चालल्याचं सांगून युक्रेनवर हल्ला केला. १६ मार्च २०२२ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १३ विरुद्ध २ मतांनी ती कारवाई थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला. रशियाने तो मानला नाही.

श्रीलंकेत आपण केलं ते या प्रकारात येतं का?

४ जून १९८७ ला भारतीय विमानांनी जाफनावर मदतीच्या वस्तू टाकल्या, सोबत लढाऊ विमानांचं संरक्षण होतं, आणि श्रीलंकेची संमती नव्हती. ते मानवतावादी हस्तक्षेपाच्या सीमेवर होतं. जुलैच्या करारानंतर शांतिसेना गेली ती मात्र त्यांच्या सरकारच्या संमतीने. १९९० मध्ये ती परतली तेव्हा आपले सुमारे १,२०० जवान गेले होते. ज्या तमिळ लोकांच्या संरक्षणासाठी गेलो त्यांच्यातल्याच तमिळ टायगर्सशी लढलो. इतरांच्या हस्तक्षेपावर बोलताना भारतीयांनी हे प्रकरणही टेबलावर ठेवावं.

सैन्य घालायचं नाही, तर मग हातावर हात ठेवून बसायचं?

मुळीच नाही. सैन्याच्या आधी करण्यासारखं पुष्कळ असतं आणि देश तेच टाळतात, कारण त्यात टाळ्या मिळत नाहीत. शस्त्रविक्री थांबवणं. हुकूमशहांची परदेशातली खाती गोठवणं. पुरावे गोळा करून ठेवणं. खटला भरणं: रोहिंग्यांवरच्या अत्याचारांबद्दल म्यानमारला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं ते कुठल्या महासत्तेने नव्हे, गांबियासारख्या छोट्या देशाने, नोव्हेंबर २०१९ मध्ये. दोनच महिन्यांत अंतरिम आदेश मिळाला.

आणि पळून आलेल्याला दार उघडणं. १९७१ मध्ये आपण एक कोटी लोकांना आत घेतलं, हा त्या वर्षातला आपला पहिला हस्तक्षेप होता आणि त्याला कुणाच्या मंजुरीची गरज पडली नाही. तरीही १९५१ च्या निर्वासित करारावर आपली सही नाही आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. तो व्हावा, असं माझं ठाम मत आहे.

व्हेटोचं काही होऊ शकतं का?

सनद दुरुस्त करायलाही पाचही कायम सभासदांची मान्यता लागते, त्यामुळे व्हेटो रद्द होईल ही आशा नको. पण किंमत वाढवता येते. सामूहिक अत्याचारांच्या प्रकरणी व्हेटो वापरू नये, असा प्रस्ताव फ्रान्स आणि मेक्सिकोने मांडलेला आहे. अमेरिका, रशिया, चीन त्यात नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये आमसभेने असंही ठरवलं की कुणीही व्हेटो वापरला की दहा कामकाजी दिवसांत आमसभा भरेल आणि त्यावर चर्चा होईल. सीरियाच्या वेळी रशियाने, इस्रायलच्या बाबतीत अमेरिकेने किती वेळा हात वर केला हे सगळ्यांना ठाऊक आहे. आता प्रत्येक वेळी त्यांना १९३ देशांसमोर उभं राहून कारण सांगायला बोलावलं जातं. आमसभेच्या या बैठकांची कामकाजं संयुक्त राष्ट्रांच्या संकेतस्थळावर सगळ्यांना पाहता येतात. अभ्यासवर्गातल्या मुलांनी निकालांसोबत तीही पाहावीत, विशेषतः लहान देशांची भाषणं.